व्हॉट्सअ‍ॅप, झूम, मीट, अरट्टाई : रोजच्या अडचणींची प्रश्नोत्तरं

नातेवाईक, शेजारी, भजनी मंडळातल्या काकू आणि ऑफिसातली माणसं फोन पुढे करून जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. त्यातल्या बहुतेक तक्रारींत अ‍ॅप बिघडलेलंच नसतं. फोनची एखादी सेटिंग आडवी आलेली असते, जागा भरलेली असते, नाहीतर सिमचा घोळ असतो. म्हणून अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्याचा उपाय सगळ्यात शेवटी करावा, आणि तोही बॅकअप झाल्याची खात्री करून.

व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की धडाधड मेसेज येतात, तोवर फोन गप्पच असतो. असं का?

अँड्रॉइड फोन असेल तर नव्वद टक्के वेळा बॅटरी वाचवण्याच्या नादात हे होतं. वापरात नसलेलं अ‍ॅप फोन झोपवून टाकतो. शाओमी, ओप्पो, व्हिवो, रिअलमी या फोनमध्ये हा प्रकार जास्त दिसतो. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या यादीतून व्हॉट्सअ‍ॅप उघडा, बॅटरीच्या पर्यायात ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा आणि ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर तेही चालू करा. त्याच पानावर मागे डेटा वापरायची परवानगी आहे का तेही बघा. काही फोनमध्ये डेटा सेव्हर ती बंद करतो.

हे सगळं ठीक असूनही एकाच ग्रुपचे मेसेज कळत नसतील तर तो ग्रुप ‘अर्काइव्ह’मध्ये गेलाय का पाहा. चुकून बोट लागून चॅट अर्काइव्ह झाली की ती नेहमीच्या यादीतून तिथे जाऊन बसते, आणि नवा मेसेज आला तरी बाहेर येत नाही. सोसायटीत उद्या पाणी येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आणि आपल्यालाच नाही, असं झालं की पहिली शंका हीच घ्यावी.

एकच टिक दिसते. मला ब्लॉक केलंय का?

लगेच मनाला लावून घेऊ नका. एक टिक म्हणजे मेसेज तुमच्याकडून निघालाय, पण समोरच्या फोनवर पोचलेला नाही. फोन बंद असेल, नेट संपलं असेल, माणूस घाटात असेल. घड्याळाचं चिन्ह दिसत असेल तर मात्र अडचण तुमच्याच नेटची आहे. दोन टिका निळ्या होत नसतील तर त्याने वाचल्याची खूण बंद ठेवलेली असू शकते. पण ग्रुपमध्ये आणि व्हॉइस मेसेज ऐकल्यावर ती लपत नाही.

मेसेजच्या जागी ‘वेटिंग फॉर धिस मेसेज’ असं दिसतं. व्हायरस आहे का?

नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज २०१६ पासून पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. मधल्या सर्व्हरकडे किल्ली नसते. आता समजा, आत्याने नवा फोन घेतला. नव्या फोनबरोबर तिच्या किल्ल्याही नव्या झाल्या. त्याच सुमारास तुम्ही जुन्या किल्लीने बंद केलेला मेसेज पाठवला, तर तिच्या फोनला तो उघडता येत नाही. मग तिचा फोन तुमच्या फोनला म्हणतो, हा पुन्हा पाठव. तुमचा फोन चालू आणि नेटवर असेल तर काही क्षणांत मेसेज दिसतो. तुम्ही झोपला असाल किंवा फोन बंद असेल, तर तोवर ती ओळ तशीच राहते.

म्हणजे करायचं ते पाठवणाऱ्याने. त्याला फोन लावून म्हणावं, ‘एकदा व्हॉट्सअ‍ॅप उघड’. दोघांकडचं अ‍ॅप अपडेट करून घ्यावं. बरेच जण इथे घाबरून अ‍ॅप काढून टाकतात. त्याने किल्ल्या आणखी एकदा बदलतात आणि गुंता वाढतो.

फोन भरलाय, असं रोज सांगतोय. काय पुसू?

फोटो पुसायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्लीय ते आकड्यांसह दिसतं. पाच एमबीपेक्षा मोठे आणि खूप वेळा फॉरवर्ड झालेले व्हिडिओ वेगळे काढलेले असतात. तिथून सुरुवात केली की दहा मिनिटांत फोन मोकळा श्वास घेतो. मग त्याच पानावर मोबाइल डेटा आणि वायफाय, दोन्हींसाठी व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा.

सुप्रभातवाल्या गुलाबांचा आणि सूर्योदयांचा उपद्रव आपल्याकडे इतका मोठा आहे की गूगलने २०१७च्या अखेरीस काढलेल्या फाइल्स अ‍ॅपला अशी चित्रं ओळखून एकदम पुसायला शिकवावं लागलं. ते अ‍ॅप आजही कामाचं आहे. ग्रुपमधल्या काकांना दुखवायचं नसेल तर त्यांना काही न बोलता त्या ग्रुपच्या माहितीत जाऊन ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा. चित्रं ग्रुपमध्ये दिसतील, गॅलरीत शिरणार नाहीत.

नवा फोन घेतलाय. जुन्या गप्पा आणि फोटो कसे आणू?

दोन्ही फोन अँड्रॉइड असतील आणि जुना अजून चालू असेल तर क्लाउडच्या वाटेला जाऊच नका. जुन्या फोनमध्ये चॅट्सच्या सेटिंगखाली ‘ट्रान्स्फर चॅट्स’ आहे. दोन्ही फोन शेजारी ठेवायचे, वायफाय चालू ठेवायचं आणि क्यूआर कोड स्कॅन करायचा. २०२३ पासून ही सोय आहे, तरी दुकानदारही अनेकदा ती सांगत नाहीत.

जुना फोन फुटलाय किंवा हरवलाय, तर आधार फक्त गूगल ड्राइव्हवरच्या बॅकअपचा. तो मिळायला नंबरही तोच लागतो आणि गूगल खातंही तेच. ‘बॅकअप सापडत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नवा फोन सुरू करताना दुकानात नवंच जीमेल काढलेलं असतं. जुन्या खात्याचा पत्ता आठवून तो फोनमध्ये घातला की बॅकअप दिसतो. २०२४ पासून हा बॅकअप गूगलच्या फुकट १५ जीबीमध्येच मोजला जातो. तेव्हा मेल आणि फोटोंनी जागा भरली असेल तर बॅकअप महिनोन् महिने झालेलाच नसतो आणि ते कळतही नाही. आजच सेटिंगमध्ये जाऊन शेवटच्या बॅकअपची तारीख बघा. व्हिडिओ वगळला तर आकार एकदम उतरतो.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना ड्राइव्हचा बॅकअप चालत नाही. आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच ‘मूव्ह टू आयओएस’ या अ‍ॅपने व्हॉट्सअ‍ॅप निवडून न्यावं लागतं. आयफोन आधीच सुरू करून वापरला असेल तर तो पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. घाईने आयफोन उघडून बसलेल्यांना हे सांगताना जिवावर येतं.

बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो वहीत लिहून ठेवा. तो हरवला तर व्हॉट्सअ‍ॅपवालेही तो बॅकअप उघडू शकत नाहीत.

मुलगी शिकायला जर्मनीला गेलीय. भारतातल्या नंबरवरचं व्हॉट्सअ‍ॅप चालू राहील ना?

राहील, पण सिमकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे प्रीपेड सिम ९० दिवस कशालाच वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या कुणाला मिळतो. त्याने त्यावर व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं की तुमच्या मुलीचं खातं संपलं. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येत असतील तर ती डोकेदुखी आणखी वेगळी.

शिवाय २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने मेसेजिंग अ‍ॅपना आदेश काढला. ज्या सिमवर खातं काढलंय ते सिम फोनमध्ये चालू असल्याशिवाय सेवा मिळू नये, आणि कॉम्प्युटरवरचं वेब खातं सहा तासांच्या आत आपोआप बाहेर पडावं, असं त्यात म्हटलंय. तेव्हा भारतातलं सिम फोनच्या दुसऱ्या खणात ठेवावं, त्याला कमीत कमी रिचार्ज मारत राहावं आणि जाण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्यावं. तिकडचा नंबर कायमचा झाला की व्हॉट्सअ‍ॅपमधलं ‘चेंज नंबर’ वापरावं. गप्पा आणि ग्रुप तसेच राहतात.

जावई दुबईला आहेत. मेसेज जातात, पण कॉल लागत नाही.

तुमच्या फोनला काही झालेलं नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल अडवलेले आहेत. लिहिलेला मेसेज, फोटो, बोलून पाठवलेला व्हॉइस मेसेज हे सगळं चालतं. तिथली मराठी कुटुंबं बोटिम हे कॉलचं अ‍ॅप वापरतात. तुम्हीही ते टाकून घ्या, दोन्हीकडे असावं लागतं. व्हीपीएनचा, म्हणजे आपण कुठून नेट वापरतोय ते लपवणाऱ्या सोयीचा, सल्ला देणारे पुष्कळ भेटतील, पण तिथे व्हीपीएनच्या गैरवापराला जबर दंड आहे. जावयाच्या नोकरीपेक्षा व्हिडिओ कॉल मोठा नाही.

माझ्या नावाने लोकांना पैसे मागणारे मेसेज जातायत. हॅक झालं का?

खातं चोरीला गेलंय. आधी ते कसं जातं ते समजून घ्या, म्हणजे कुठे हात घालायचा ते कळेल.

पहिला मार्ग सहा अंकी कोडचा. ओळखीच्याच नंबरवरून मेसेज येतो, ‘चुकून तुझ्या नंबरवर कोड पाठवला, जरा सांग ना’. ओळखीच्या माणसाचं खातं आधीच गेलेलं असतं. कोड सांगितला की तुमचंही जातं. दुसरा मार्ग लिंक्ड डिव्हायसेसचा. फोटो बघण्यासाठी किंवा मतदानासाठी म्हणून एक लिंक येते, ती कोड टाकायला सांगते, आणि तुमचं खातं चोराच्या कॉम्प्युटरला जोडलं जातं. तुमचा फोन नीट चालत राहतो, त्यामुळे आठवडाभर पत्ताही लागत नाही. तिसरा मार्ग कॉल फॉरवर्डिंगचा. कुरिअरवाला म्हणून कोणी तारा आणि चौकोनाचा लांबलचक नंबर फिरवायला लावतो, तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात आणि व्हॉट्सअ‍ॅपचा कोड तो फोन कॉलवर ऐकून घेतो. १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने कॉल वळवण्याची सोय कंपन्यांनी थांबवली, तरी फोनच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग एकदा तपासावंच.

आता उपाय. फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप चालू असेल तर लिंक्ड डिव्हायसेस उघडा आणि अनोळखी दिसेल ते सगळं लॉग आउट करा. फोनमधून तुम्ही बाहेर फेकले गेले असाल तर आपला नंबर घालून एसएमएसने येणारा कोड टाका. चोराने पिन लावून ठेवला असेल आणि तो तुम्हाला ठाऊक नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. पण एसएमएसचा कोड टाकल्या क्षणी चोर बाहेर पडलेला असतो, म्हणून थांबावं लागणार असलं तरी हे लगेच करा. तोवर सगळ्यांना साध्या फोनवरून कळवा. कुणी पैसे पाठवले असतील तर त्याने त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन लावावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ते गोठवता येण्याची शक्यता असते.

आणि ज्यांचं अजून गेलेलं नाही, त्यांनी हे वाचता वाचताच सेटिंग्जमध्ये खात्याखाली ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करावं. सहा आकडी पिन आणि स्वतःचा ईमेल. या पानावरचं बाकी काही केलं नाही तरी चालेल, एवढं करा.

लग्नाची पत्रिका आली, ती उघडेना. ‘इन्स्टॉल’ म्हणतेय.

उघडू नका. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, व्हिडिओ असते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते अ‍ॅप आहे, आणि ते तुमचे एसएमएस वाचून बँकेचे ओटीपी पुढे पाठवतं. वाहतुकीच्या चलनाच्या, बँकेच्या केवायसीच्या आणि सरकारी योजनेच्या नावानेही हेच फिरतं. इन्स्टॉल करून बसला असाल तर फोन ताबडतोब एअरप्लेन मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा आणि मगच फोन पुसायचा विचार करा.

व्हिडिओ कॉलवर सीबीआय अधिकारी आहे. अटक केलीय म्हणतो.

फोन ठेवा. ‘डिजिटल अरेस्ट’ असलं काही भारतीय कायद्यात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून कुठलाही पोलीस अटक करत नाही. हे लोक तासन् तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात, घरच्यांशी बोलू देत नाहीत. म्हणून घरात एकट्या राहणाऱ्या आईवडिलांना आधीच सांगून ठेवलेलं बरं, की असा फोन आला तर आधी आम्हाला कळव.

झूमवर शिकवताना तानपुरा ऐकूच जात नाही, तबला तुटक येतो. माइक बदलू का?

माइकवर खर्च करू नका. बोलण्यासाठी बनवलेल्या या सेवा माणसाचा आवाज ठेवून बाकी सगळं गोंगाट समजून गाळतात. पंख्याची घरघर आणि तानपुऱ्याचा षड्ज त्यांच्या लेखी सारखाच. एकसुरी, सतत चालणारा आवाज म्हणून तानपुरा पहिला कापला जातो. तबल्याचा ठोका अचानक येतो, तो टाळी किंवा दार आपटल्यासारखा वाटून दाबला जातो. डग्ग्याची घुमक तर जातेच.

झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगखाली ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ आहे. ते तिथे चालू केलं की मीटिंगच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात त्याचं बटण येतं, आणि ते दर मीटिंगला चालू आहे ना हे बघावं लागतं. हेडफोन वापरणार असाल तर त्यातलं ‘एको कॅन्सलेशन’ही बंद करा. स्पीकरवर ऐकणार असाल तर ते चालूच ठेवा, नाहीतर शिष्येचा आवाज तुमच्या खोलीतून परत तिच्याकडे जाईल. गूगल मीटमध्ये ‘नॉइज कॅन्सलेशन’ बंद करण्याचा पर्याय आहे. हे फोनपेक्षा लॅपटॉपवर जास्त नीट जमतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सेटिंगने होणार नाही. दोन ठिकाणची माणसं एका तालात एकत्र गाऊ शकणार नाहीत. आवाज पोचायला लागणारा सेकंदाचा काही अंशही समेला चुकवतो. भजनी मंडळाने एकाने म्हणावं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरी साथ करावी. सगळ्यांनी माइक उघडे ठेवून आरती म्हटली की काय होतं, ते करोनाच्या गणपतीत अख्ख्या महाराष्ट्राने ऐकलंय.

आवाज घुमतो आणि किंचाळल्यासारखा होतो.

एकाच खोलीत दोन फोन त्याच मीटिंगला जोडलेत. एक बंद करा.

मीटिंग मध्येच तुटते.

झूमवर फुकट खात्याला ४० मिनिटांची मर्यादा आहे. मीटवर तिघे किंवा जास्त असतील तर ६० मिनिटांची, दोघेच असतील तर काळजी नाही. तुटली तर पुन्हा जोडून घ्या.

अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची वेळ चुकण्याचं कारण वेगळं. तिकडे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं बदलतात. न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतं. वेळ तोंडी न सांगता गूगल कॅलेंडरमधून निमंत्रण पाठवा, ते आपोआप जुळवून घेतं.

कोकणातल्या घरात वायफाय आहे, पण फोनला रेंज नाही. ओटीपीसाठी अंगणात जावं लागतं.

फोनमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ चालू करा. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय आणली. त्यासाठी वेगळं अ‍ॅप लागत नाही, वेगळे पैसेही नाहीत. साधा कॉल वायफायवरून जातो, आणि जांभ्याच्या जाड भिंतींचा प्रश्न मिटतो. पावसात वीज गेली की राउटरही जातो, तेव्हा राउटरपुरता छोटा यूपीएस घ्या.

व्हॉट्सअ‍ॅप सोडून अरट्टाई, सिग्नल किंवा टेलिग्रामवर जावं का?

कशासाठी जायचंय त्यावर आहे. चेन्नईच्या झोहोने अरट्टाई २०२१ मध्ये काढलं आणि २०२५च्या सप्टेंबरअखेर त्यावर एकदम झुंबड उडाली. हलकं आहे, कमी नेटवर चालतं, अँड्रॉइड टीव्हीवरही टाकता येतं. पण ती झुंबड उडाली तेव्हा कॉल कुलूपबंद होते, मेसेज नव्हते. म्हणून कुठलंही अ‍ॅप स्वदेशी आहे की विदेशी यापेक्षा त्याचं कुलूप कुठे कुठे लागतं, ते आधी विचारावं.

टेलिग्रामचा याबाबतीत मोठा गैरसमज आहे. त्याची नेहमीची चॅट आणि सगळे ग्रुप कंपनीच्या सर्व्हरवर असतात, चॅटपैकी दोन टोकांचं कुलूप फक्त ‘सीक्रेट चॅट’ला आहे. मोठ्या फाइल्स आणि हजारोंचे ग्रुप यासाठी ते उत्तम, खाजगी बोलण्यासाठी नाही. सिग्नल खाजगीपणात सगळ्यांत कडक. २०२४ पासून समोरच्याला नंबर न देता नुसत्या युजरनेमवर बोलता येतं. अडचण एवढीच, की मावशी तिथे नाही. माझं मत विचाराल तर घरचा ग्रुप जिथे आहे तिथेच राहू द्या, आणि वकील, डॉक्टर, पत्रकार यांच्याशी बोलायला सिग्नल ठेवा.

स्काईप उघडत नाही.

उघडणारही नाही. मायक्रोसॉफ्टने ते ५ मे २०२५ रोजी बंद केलं.

चुकीच्या ग्रुपवर गेलेला मेसेज मागे घेता येतो का?

दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ असतो, ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा. ‘डिलीट फॉर मी’ दाबू नका, त्याने तो फक्त तुम्हालाच दिसेनासा होतो आणि बाकीचे निवांत वाचतात. फक्त चूक सुधारायची असेल तर १५ मिनिटांत ‘एडिट’ करता येतं.

मराठीत टाइप करायला जमत नाही.

जीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी घ्या. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा कळफलक, देवनागरी कळफलक आणि बोटाने लिहायची पाटी असे प्रकार मिळतात, आवडेल तो निवडा. ज्येष्ठांना पाटी सर्वांत लवकर जमते. माइकचं बटण दाबून बोललं तरी मराठी उमटतं, फक्त पाठवण्याआधी एकदा वाचून बघा. अनुस्वार आणि आडनावं यांचं काय होईल याचा भरवसा नसतो.

जुना फोन कामवाल्या मावशींना द्यायचाय. काय काळजी घेऊ?

क्रम महत्त्वाचा. आधी नव्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू होऊन गप्पा आल्याची खात्री करा. मग जुन्या फोनमधून बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप बंद करा, सेटिंगमधून गूगल खातं काढा आणि त्यानंतरच ‘फॅक्टरी रीसेट’ करा. खातं न काढता फोनच्या बटणांनी पुसला तर सुरू करताना तो तुमचाच जुना पासवर्ड मागतो, आणि मावशी फोन घेऊन परत दारात उभ्या राहतात. सिम आणि मेमरी कार्ड काढलंत ना, तेही बघा. त्यांच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप चालू करून द्याल तेव्हाच पिनही लावून द्या, आणि तो त्यांच्याच वहीत त्यांच्याच हाताने लिहायला सांगा.